लढाई लिहायची कशी? पेन्शनवर आलेल्या फौजीसाठी

माजी सैनिकांची हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात. पहिलं पान बहुतेकांचं सारखंच असतं: भारतमाता, प्राणांची बाजी, शत्रूचा थरकाप, तिरंगा. त्यात वाईट काही नाही. पण ते पान गावच्या मुख्याध्यापकांनीही तसंच लिहिलं असतं, आणि ते कधी द्रासला गेलेले नाहीत. वही मिटून चहा आला की तोच हवालदार सांगायला लागतो: पिण्याच्या पाण्यासाठी स्टोव्हवर बर्फ वितळवत कसं बसावं लागायचं, रॉकेलच्या काजळीनं थुंकी काळी कशी यायची, शेजारच्या खंदकातला गडी झोपेत कानडीत कसा बडबडायचा. हे वहीत का नाही, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. ‘त्यात काय लिहायचं साहेब, ते तर रोजचंच होतं.’

हा लेख त्या रोजच्यासाठी आहे. १९६५ आणि १९७१ पाहिलेले आता थोडे उरलेत. १९८७ ते १९९० या काळात शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेलेले साठीच्या घरात किंवा पुढे आहेत, कारगिलवाले पेन्शनवर आलेत, आणि काश्मीर-सियाचिनवरून तर दरवर्षी कोणी ना कोणी सातारा-सांगली-कोल्हापूरकडे परततंच. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात मेलेल्या ४६ जणांची आठवण सांगणारा दगड आहे. ते ४६ जण काय खात होते, कशाला घाबरत होते, कोणाला शिव्या घालत होते, हे त्या दगडाला विचारता येत नाही. तुम्हाला येतं.

‘मी कुठं मोठी लढाई केली?’

ही शंका आधी काढून टाका. ती सगळ्यांत जास्त येते ती लंगरवाले, ड्रायव्हर, क्लार्क, सिग्नलवाले आणि स्टोअरवाल्यांना. बंगाली कवी काझी नझरुल इस्लाम १९१७ मध्ये ४९ व्या बंगाली पलटणीत भरती झाले, हवालदारपदापर्यंत पोचले, आणि त्यांची सगळी नोकरी कराचीच्या छावणीत गेली. आघाडी त्यांनी पाहिलीच नाही. तरी त्यांची पहिली छापलेली कथा १९१९ मध्ये त्याच छावणीतून मासिकाकडे गेली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

खरं तर मागच्या फळीतल्या माणसाकडे असा माल असतो जो पुढच्याकडे नसतो. शंभर माणसांचं जेवण बनवून ऐंशीच परत आलेली पाहणारा लंगरवाला, गावाकडे पाठवायची पेटी बांधणारा स्टोअरमन, तार वाचून मग ती कोणाला तरी द्यायला जाणारा क्लार्क. यांचं लिखाण मराठीत फार थोडं आहे. मला विचाराल तर गोळीबारापेक्षा हेच आधी वाचायला आवडेल.

आधी ट्रंक उघडा

लिहायला बसण्यापूर्वी एक दिवस माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढा. डिस्चार्ज बुक, जुने फोटो, पदकं, रेल्वे वॉरंटचे तुकडे, रेजिमेंटची मासिकं, आणि सगळ्यांत मोलाची म्हणजे पत्रं. ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’ असा पाठवणाऱ्याचा फौजी टपालाचा पत्ता असलेली अंतर्देशीय पत्रं बायकोनं किंवा आईनं कुठंतरी पिशवीत बांधून ठेवलेली असतात. तुम्ही पाठवलेली सापडतील. तुम्हाला आलेली बहुधा तिकडंच राहिली. तुमच्या पत्रात ‘इकडे सर्व क्षेम आहे’ असं ज्या तारखेला लिहिलंय, त्या तारखेला तिकडं नेमकं काय चाललं होतं, हे आठवून समोरच्या पानावर लिहा. एका बाजूला पत्र, दुसऱ्या बाजूला ती तारीख. एवढ्यावर अख्खं पुस्तक उभं राहू शकतं.

तारखा, कंपनीचं नाव, कमांडरचं नाव, कुठून कुठं हललात, हे एका वेगळ्या कागदावर उतरवून ठेवा. हा कागद लेखात घालायचा नाही. तो तुमच्या स्मरणशक्तीला धरायला आहे. पंचवीस-तीस वर्षांनी उन्हाळ्यातला प्रसंग हिवाळ्यात जाऊन बसतो, आणि एका चुकीच्या तारखेवरून पलटणीतला कोणीतरी सगळंच खोटं ठरवतो.

हात चालत नसेल तर तोंड चालवा

अनेकांना लिहिण्याचीच भीती असते. शाळा सातवी-आठवीला सुटलेली, पुढं सगळा कारभार हिंदीत. त्याची लाज बाळगायचं कारण नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदुस्थानी शिपायांतल्या अनेकांना अक्षरओळख नव्हती. ते लिहिणाऱ्या सोबत्याला मजकूर सांगायचे आणि पत्र गावी जायचं. सेन्सॉरनं त्या पत्रांतले उतारे भाषांतर करून ठेवले म्हणून ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत वाचायला मिळतात. त्या युद्धावरचं हिंदुस्थानी माणसाच्या तोंडचं सगळ्यांत जिवंत लिखाण ते आहे, आणि त्यातलं बरंचसं सांगून लिहवून घेतलेलं आहे.

तुमच्याकडे फोन आहे. व्हॉइस रेकॉर्डर सुरू करून एकट्यानं बोलण्यापेक्षा कोणाला तरी समोर बसवा. नात असेल तर उत्तम, कारण ती ‘स्टँड-टू म्हणजे काय?’ असं मधेच विचारते आणि तुम्हाला समजावून सांगावं लागतं. मुलगा नको, बापलेकांत फार गोष्टी अडतात. एका बैठकीला अर्धा तास पुरे. फोनच्या कीबोर्डवर मराठी बोलून टाइप करण्याची सोय असते, पण तिला ‘एलएमजी’ आणि ‘पिट्ठू’ कळत नाहीत, तेवढं हातानं दुरुस्त करा. उतरवताना बोललेलं ‘शुद्ध’ करू नका. ‘तवा आमी वर गेलतो’ असं बोलला असाल तर पहिल्या खर्ड्यात तसंच राहू द्या. सुधारायचं की नाही ते नंतर ठरवू.

याद्या करा, वाक्यं नकोत

पहिले काही दिवस गोष्ट सांगायचीच नाही. फक्त याद्या करायच्या. एका पानावर एक यादी, आणि प्रत्येक ओळीत एकच गोष्ट:

पिट्ठूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, काय काय होतं, आणि नियमाबाहेरचं काय होतं? बहुतेकांच्या पिट्ठूत एक वस्तू अशी असतेच जी क्वार्टरमास्टरच्या यादीत नव्हती.

कशाचा वास यायचा? ओली लोकर, बंदुकीचं तेल, रम, जळलेलं रबर, आठवडाभर न काढलेले मोजे.

रात्री कोणते आवाज ओळखीचे झाले होते? आपला गोळा जाताना आणि त्यांचा येताना यांतला फरक कानाला किती दिवसांत कळला?

कोणाची कोणती लकब? कोण पान मागायचा, कोण पगाराची चिठ्ठी दहादा वाचायचा, कोण देवाचं नाव घ्यायचा आणि कोणत्या देवाचं?

कशावर हसलात? ही यादी सोडू नका. लढाईत माणसं फार हसतात, आणि गावी आल्यावर ते सांगायला लाजतात.

काय विसरलात? हीसुद्धा यादीच. ‘त्या रात्रीनंतर खाली कसा आलो ते आठवत नाही’ ही ओळ तशीच छापण्याजोगी आहे. मधली जागा अंदाजानं भरू नका.

याद्या झाल्या की दिसेल, की शौर्य, बलिदान, त्याग यांतला एकही शब्द कुठं आलेला नाही, आणि तरी वाचणाऱ्याला सगळं दिसतंय.

एकच घटका निवडा, आणि सर्वांत वाईट रात्र आधी नको

‘माझं सैनिकी जीवन’ या नावाखाली भरतीपासून पेन्शनपर्यंत सगळं लिहायला घेतलेली वही साधारण ट्रेनिंग सेंटरलाच दम तोडते. बेळगावच्या मैदानावरची उस्तादाची शिक्षा दहा पानं खाते आणि पलटणीत पोचेपर्यंत उत्साह संपतो. त्यापेक्षा एक प्रसंग घ्या, जो घड्याळात अर्ध्या-पाऊण तासाचा आहे. संतरी ड्यूटीचा शेवटचा अर्धा तास. हेलिकॉप्टर येणार की नाही याची वाट. सुट्टीवरून परत निघताना पुणे स्टेशनवर झेलम सुटण्यापूर्वीची वीस मिनिटं. असे प्रसंग एकेक करून लिहीत गेलात की पुस्तक नंतर आपोआप दिसायला लागतं.

पहिल्यासाठी मध्यम त्रासाचा प्रसंग निवडा. ज्या रात्रीची आठवण अजून झोपेतून उठवते ती रात्र सहाव्या-सातव्या लेखाला घ्या, हात बसल्यावर. याला कारण आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या जखमेबद्दल लिहायला लावलं होतं. लिहून झाल्याबरोबर त्यांना बरं नव्हे, उलट वाईट वाटलं. फायदा दिसला तो पुढच्या महिन्यांत, डॉक्टरकडच्या खेपा कमी झाल्या तेव्हा. ते विद्यार्थी होते, रणांगणावरून आलेले नव्हते. तुमच्या बाबतीत लगेचचं वाईट वाटणं जास्त खोल जाऊ शकतं.

म्हणून बैठकीला हद्द ठेवा. वेळ लावून लिहा, शक्यतो सकाळी, आणि नंतर करायचं काम आधीच ठरवून ठेवा: म्हशीचं पाणी, शेतावर फेरी, काहीही. रात्री ग्लास घेऊन लिहायला बसू नका. त्या वेळी सुचलेलं दुसऱ्या दिवशी टिकतही नाही. लिहायला लागल्यापासून झोप उडाली, दारू वाढली, फटाक्याला पूर्वीपेक्षा जास्त दचकायला होतं, घरच्यांवर हात उगारला जातो, जगून काय करायचं असं मनात येतं, यांतलं काही दिसलं तर वही बंद करून माणसाशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. खास लष्करासाठीचा त्याचा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय कॉलेजात सुरू झाला. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधूनही मानसोपचाराला पाठवतात. गुडघ्यासाठी जाताच की, तसंच जायचं.

ज्या भाषेत तिथं बोललात त्या भाषेत

आता खरं काम. सोयीसाठी एक वाक्य घेऊ, जे थोड्या फरकानं पन्नास वह्यांत आहे:

‘मध्यरात्रीच्या किर्र अंधारात आम्ही जिवाची पर्वा न करता शत्रूच्या ठाण्याकडे कूच केले.’

आणि हा त्याच रात्रीचा दुसरा खर्डा, नमुन्यासाठी मी रचलेला:

‘अडीचला उस्तादनं खांद्याला हात लावला. बोलला नाही. नाडी बांधायला बोटं वळेनात, म्हणून दातानं ओढली. नाडीला रॉकेलचा वास. पाटलानं पुढ्यातला गूळ मोडून निम्मा माझ्या तळव्यावर ठेवला आणि म्हणाला, वर खाऊ. मी तिथंच खाल्ला.’

पहिल्या वाक्यात ‘जिवाची पर्वा न करता’ असं लिहिलंय. दुसऱ्यात गूळ तिथंच खाणारा माणूस आहे, ज्याला वर पोचण्याची खात्री नाही. भीती हा शब्द न लिहिता भीती आली. गुळाचा खडा, दात, नाडी ही तुमच्याकडेच असलेली सामग्री आहे. किर्र अंधार सगळ्यांकडे असतो.

फौजेची बोली हे तुमचं भांडवल आहे. मराठी घरातला पोरगा तिथं पंधरा-वीस वर्षं हिंदी बोलतो, पण ती हिंदी पुस्तकातली नसते. ‘लंगर लग गया’, ‘साब याद कर रहे हैं’, ‘कोई शक?’ हे संवाद तसेच ठेवा. त्यांचं मराठी करू नका. मराठी वाचकाला एवढी हिंदी कळते, आणि कळत नसली तरी पलटणीचा आवाज तिथूनच येतो. निवेदन मात्र तुमच्या गावच्या मराठीत. ही दोन भाषांची ये-जा जितकी मोकळी तितकं लिखाण खरं वाटतं. घाबरल्यावर तुमच्या तोंडून कोणती भाषा बाहेर पडली, हे आठवून पाहा. बहुतेकांची आईची असते.

आद्याक्षरांचं मात्र भान ठेवा. ‘सीओसाबनी ओपीवरून टूआयसीला सेटवर बोलावलं’ हे पलटणीत चालेल. बाहेरच्याला पहिल्या वेळी कामातून समजू द्या: ‘डोंगराच्या नाकावर आमची ओपी होती, दोन माणसं दुर्बीण लावून दिवसभर समोरची धार बघायची.’ आता ओपी कुठंही वापरा. पुस्तकाच्या शेवटी शब्दांची यादी देण्यापेक्षा हे बरं, कारण यादी कोणी उघडत नाही.

शिव्यांबद्दल नेहमी विचारतात. दिवाळी अंकाचे संपादक काही ठिकाणी कात्री लावतील, पण तुम्ही स्वतःहून पहिल्या खर्ड्यात लावू नका. ‘त्यानं अपशब्द उच्चारले’ असं कोणत्याच सुभेदारानं आजवर केलेलं नाही.

उपमा कुठून आणायची

घरातून, दुकानातून, शेतातून. पानिपतची बातमी पेशव्यांना पोचली ती एका सावकारी पत्रातून: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे बाकी सगळे. सावकारानं आपल्या गल्ल्यातल्या वस्तू उचलल्या आणि आजही मराठी माणसाला ते पत्र तोंडपाठ आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सहून लिहिणाऱ्या शिपायांनीही तेच केलं. हिंदुस्थानी शिपाई आणि गोरे शिपाई यांची नावं घेता येत नव्हती, म्हणून काळी मिरी संपली, आता लाल मिरची वापरतायत, पण काळीसारखी ती झणझणीत नाही, असं एकानं लिहिलं. सेन्सॉरनं ते अर्थातच ओळखलं, म्हणून तर आपल्यापर्यंत आलं.

दोघांनीही आकाशातून वीज किंवा सिंहाची डरकाळी आणली नाही. तुमचा सेक्शन ऊसतोडीच्या टोळीसारखा चालत असेल तर तसं लिहा. पण एका पानावर एकच. दुसरी उपमा आली की पहिली मरते.

कविता करायची असेल तर

फौजी कवितांचा ढीग माझ्याकडे आहे आणि त्यातल्या बऱ्याच पोवाड्याच्या चालीवर आहेत. पोवाडा हा दुसऱ्या कोणाच्या पराक्रमावर तिसऱ्यानं रचायचा प्रकार आहे. स्वतःवर रचला की तो लग्नातल्या बँडसारखा वाजतो. शाहिरीचा गळा असेल तर आपल्या पलटणीच्या जुन्या लढाईवर जरूर रचा. स्वतःच्या आठवणीसाठी दुसरं भांडं घ्या.

मी अभंग सुचवतो. पंढरीच्या वाटेवरच्या गावांतून भरती झालेल्या माणसाच्या कानात तो आधीच बसलेला असतो, शिकवावा लागत नाही. मोठ्या अभंगाचे चार चरण: पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. जागा इतकी कमी, की भाषण मावतच नाही.

कसं करायचं ते एका उदाहरणावर पाहू. गेलेल्या सोबत्यावरची कविता साधारण अशी सुरू होते:

आठवता तो मित्र, डोळ्यांत दाटती आसवे,
देशासाठी गेला जो, त्यासी कैसे विसरावे

या दोन ओळींत तो मित्र कुठंय? उंच होता की बुटका, तेही कळत नाही. आता स्वतःला विचारा: त्याच्याबरोबर शेवटची कोणती गोष्ट केली? समजा उत्तर आलं, चहा घेतला, एकाच मगातून, कारण दुसरा मग वर नेलाच नव्हता. मग आसवं, देश, विसरणं सगळं पुसून टाका आणि फक्त तो चहाचा मग ठेवा:

एक मग चहा
दोघांच्या हातात
एकाची ती रात
शेवटची

बोटांवर मोजा: सहा, सहा, सहा, चार. कोण गेला ते सांगितलेलं नाही; ते सांगायचा मोह होईल, पाचवी ओळ जोडावीशी वाटेल. जोडू नका.

मोजून लिहायचं जमत नसेल तर मुक्तछंद आहे, पण मुक्तछंद म्हणजे गद्य तोडून ओळी खाली ढकलणं नव्हे. ओळ जिथं श्वास घेते तिथं तुटते. मोठ्यानं वाचा, आवाज जिथं आपोआप थांबतो तिथं ओळ संपवा. आणि घरात जात्यावरच्या ओव्या म्हणणारी कोणी उरली असेल तर पलटणीत गेलेल्या भावा-नवऱ्याच्या ओव्या तिच्याकडून ऐकून ठेवा. तुमच्या वहीतली दुसरी बाजू तिच्याकडे आहे. जिनं तुमच्या रजेची वाट पाहिली तिला त्याच तारखांवर चार ओळी लिहायला सांगितलं तर काय येईल, याचा अंदाज तुम्हाला नाही.

दुरुस्तीसाठी असा वाचक शोधा जो तिथं होता आणि ज्याला कविता कळते. दोन्ही एकात मिळणं कठीण, पण मिळालं तर काय होतं ते विल्फ्रेड ओवेनच्या बाबतीत दिसलं. फ्रान्सच्या आघाडीवरून मन मोडून आलेला हा इंग्रज तरुण १९१७ मध्ये एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात होता. तिथं त्याला सिगफ्रिड ससून हा दुसरा लढवय्या कवी भेटला. ओवेनच्या काही खर्ड्यांवर आजही दोघांचं हस्ताक्षर शेजारी शेजारी दिसतं: एकानं लिहिलेला शब्द, दुसऱ्यानं सुचवलेला बदल. ओवेन परत आघाडीवर गेला आणि ४ नोव्हेंबर १९१८ ला, युद्ध थांबायला आठवडा असताना मारला गेला. हयातीत त्याच्या मोजक्याच कविता छापल्या होत्या. तुमच्या तालुक्यात तुमच्याच पलटणीचा कोणी लिहिणारा असेल तर त्याच्याकडे एक वही घेऊन जा. ‘छान आहे’ म्हणाला तर दुसरा शोधा.

समोरचा माणूस

‘शत्रू’ हा शब्द तुमच्या वहीत किती वेळा आलाय ते मोजा, आणि प्रत्येक ठिकाणी तुम्ही खरंच काय पाहिलं ते लिहून बघा. बहुतेक वेळा पाहिलं असेल ते असं: एक हेल्मेट, सिगारेटचा ठिपका, पकडलेल्याच्या खिशातला घरच्यांचा फोटो, त्यानं मागितलेलं पाणी.

डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरला जंगी पलटण, म्हणजे १ मराठा लाइट इन्फंट्री, वेढा घालून बसली होती. ९ तारखेला ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी आतल्या पाकिस्तानी कमांडरला शरण या म्हणून पत्र पाठवलं. लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांचं उत्तर आलं ते बंदुकीच्या गोळीभोवती गुंडाळून. मतलब असा, की खरी लढाई अजून सुरूच झालेली नाही. लेखणीवर तुमची हुकमत दिसतेच, पुढच्या वेळी तुमच्या हातात स्टेनगन पाहायला आवडेल. १० च्या रात्री वेढा फोडायला निघालेल्या त्यांच्या माणसांवर मराठ्यांनी मारा केला आणि ११ ला जमालपूर पडलं. आता हा प्रसंग ‘पाक सैन्याची दाणादाण’ एवढ्यात उरकणारा लेखक ती गोळी वाया घालवतो. सुलतान अहमद ऐटीत उत्तर लिहितो, हे लिहिल्यानं जंगी पलटण लहान होत नाही, उलट कोणाशी गाठ होती ते कळतं.

आयझॅक रोझेनबर्ग हा इंग्रज कवी पहिल्या महायुद्धात साधा शिपाई होता, १ एप्रिल १९१८ ला मारला गेला. खंदकातल्या पहाटेवरच्या त्याच्या कवितेत एक उंदीर आहे, जो इकडच्या हाताला लागतो आणि मग मधलं मैदान ओलांडून जर्मनांकडेही जातो. तुमच्या ठाण्यावरचं कुत्रं रात्री कुठं जायचं?

खरं किती, आणि कोणाला विचारून

आठवण म्हणून छापत असाल तर घडलं तेवढंच. दोन माणसांचं एक केलं, संवाद रचले, शेवट बदलला, की ती कथा झाली. कथा म्हणून द्या, त्यात कमीपणा नाही. आठवणीच्या नावाखाली कथा दिली तर तुमच्याच बॅचचा कोणीतरी चारचौघांत उभा राहून सांगेल.

गेलेल्या सोबत्याचं नाव घालणार असाल तर छापण्यापूर्वी त्याच्या घरी जा. वीरपत्नीला, वीरमातेला मजकूर वाचून दाखवा. त्यांना सरकारी पत्रातून ‘क्षणात वीरमरण’ असं कळलेलं असतं. तुमच्या लेखात तो दोन तास जिवंत असेल, तर ते त्यांना छापील पानावर पहिल्यांदा कळता कामा नये. काही बायका ऐकायला तयार असतात, अनेक वर्षं त्याच प्रश्नाची वाट पाहत असतात. काही नसतात. नको म्हणाल्या तर नाव, गाव, पलटण काढा, किंवा ते पान वहीतच ठेवा.

जिवंत माणसांबद्दल, विशेषतः ज्या साहेबावर राग आहे त्याच्याबद्दल, नाव न घेता त्यानं काय केलं एवढंच लिहा. आणि काश्मीरमध्ये किंवा ईशान्येत ज्यानं तुम्हाला बातमी दिली, रस्ता दाखवला, त्याची ओळख पटेल असं काहीही नको. तुम्ही पेन्शनवर आलात. तो अजून तिथंच राहतो.

कायद्याचं एवढं पाहा

सेवेत असाल तर लष्करी विषयावर काही छापण्याआधी परवानगी लागते. १९५४ च्या आर्मी रूल्समधला २१ वा नियम हेच सांगतो. निवृत्तीनंतरही १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट सुटत नाही. बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी, आसाम रायफल्ससारख्या, माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातल्या दलांतून निवृत्त झालेल्यांसाठी २०२१ मध्ये पेन्शनचे नियम कडक झाले: दलाच्या कामकाजाविषयी लिहायचं तर प्रमुखांची पूर्वपरवानगी हवी, नाहीतर पेन्शनवर येऊ शकतं.

व्यवहारात सेट फ्रिक्वेन्सी, कॉल साइन, सुरुंगांची मांडणी, आजही वापरात असलेल्या ठाण्यांचा नेमका पत्ता, गस्तीच्या वेळा आणि पद्धती गाळा. साहित्य म्हणून यांतलं काहीच लागत नाही. शंका आली तर रेकॉर्ड ऑफिसला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

वाचून दाखवा, मग छापा

पहिलं वाचन पलटणीच्या रेझिंग डेला, म्हणजे स्थापनेच्या दिवशी, किंवा माजी सैनिकांच्या मेळाव्यात करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे कार्यक्रम असतात, तिथं भाषणांच्या गर्दीत दहा मिनिटं मागून घ्या. कविता दोनच वाचा. कोण कुठं मान खाली घालतं ते बघा. टाळ्या कुठं पडतात याला फार महत्त्व देऊ नका, टाळ्या ‘जय’ शब्दाला पडतातच.

छापायला दिवाळी अंक चांगले, पण त्यांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, म्हणून जूनपर्यंत लेख तयार हवा. एका संपादकाकडून उत्तर येईपर्यंत तोच लेख दुसऱ्याकडे पाठवू नका. पाठवताना सोबत वर्दीतला फोटो आणि पदकांची यादी जोडायची घाई नको. दोन ओळींत पलटण आणि काळ सांगा, बाकी लेखावर सोडा. पुस्तक काढायचं तर पैसे मागणाऱ्या प्रकाशकाकडून किती प्रती, किती पानं, हक्क कोणाचे, हे कागदावर घ्या. स्वतः काढणार असाल तर आयएसबीएन नंबर राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो. त्याचे पैसे कोणी लावले तर देऊ नका. प्रती दोनशेपेक्षा जास्त छापू नका. त्यातल्या पन्नास पलटणीच्या लायब्ररीला, ट्रेनिंग सेंटरला आणि तुमच्या तालुक्यातल्या वाचनालयांना पाठवा, आणि एक त्या गेलेल्या मित्राच्या घरी स्वतः नेऊन द्या.